खंडेनवमीची रजा

माणूस काय सुरू करतो याला किंमत नाही. तो काय बंद पडू देत नाही, त्यावरून त्याची उंची ठरते. हे वाक्य एखाद्या समाधीवर कोरून ठेवावं असं आहे. मी ते आमच्या सरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आणि दर वेळी त्यांनी स्टाफरूमच्या पंख्याचं बटण बंद करायला निघालेल्या शिपायाचा हात धरलेला होता.

भोरच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवत होतो, तिथे सर पदार्थविज्ञान शिकवत. आमची टेबलं समोरासमोर होती. पंख्याबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. ते म्हणत, “वस्तू चालताना मरत नाही, चालू करताना मरते. तुमचा दिवा केव्हा जातो? बटण दाबल्यावर. मग बटण दाबायची वेळच का आणायची?” किराणा घ्यायला ते स्कूटर चालू ठेवूनच दुकानात शिरत. रजा घेत नसत. बोलणंही संपवत नसत. संध्याकाळी घंटा झाली की वाक्य जिथे असेल तिथे सोडून पिशवी उचलत आणि दुसऱ्या दिवशी ‘नमस्कार’ वगैरे न करता त्याच वाक्याच्या क्रियापदापासून पुढे बोलू लागत. पहिल्या वर्षी मला वाटलं, हे माझ्याशी बोलत नाहीत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘अखंड सर’ म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं.

त्यांचं दुसरं तत्त्व पहिल्याच्या मुळावर येणारं होतं. सगळं चालू राहावं, पण कशानेही काही खाऊ नये. त्यांच्या खिशात वीज मोजायचं एक लहानसं मीटर असे. ते भिंतीच्या सॉकेटमध्ये घालून त्यात समोरच्याच्या फोनचा चार्जर लावत आणि आकडा वाचून त्याच्याकडे असं बघत, की बिचारा चार्जर काढून घेई. अखंड चालणारं आणि जवळजवळ काहीच न खाणारं असं एकच यंत्र आपल्या माहितीत आहे, असं ते सांगत. ती त्यांची थोरली बहीण.

आक्का वेल्ह्याच्या पुढे, पासलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या तीन घरांच्या वस्तीत एकटी राहत होती. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परतली, आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. भाताची दोन खाचरं आणि एक म्हैस एवढा तिचा संसार. सरांनी तिला एकदा भोरला आणलं होतं. आठ दिवस ती त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या दारात बसली, येणारी-जाणारी वाहनं पाहिली आणि म्हणाली की इथं समोर बघायला काही नाही. मग परत गेली. वर तिच्या दारासमोर बघायला डोंगर होता.

एका पावसाळ्यात त्या डोंगराला भेग पडली. वस्तीच्या डोक्यावर, उतारावर, आडवी. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाई. तलाठी येऊन पाहून गेले. जोराचा पाऊस असला की खाली पासलीच्या शाळेत झोपायला या, असं त्यांनी सांगितलं. शेजारची दोन घरं दोन रात्री गेली, मग गुरांची आबाळ होते म्हणून परत आली. आक्का त्या दोन रात्रीही गेली नाही. सरांनी तिला समजावलं, रागावले, अबोला धरून पाहिला. अबोला धरणारा माणूस दर रविवारी पहिल्या एसटीने तिच्या दारात हजर असे, त्यामुळे त्याचा धाक बसला नाही.

बहीण हलत नाही आणि डोंगर हलेल की काय, ही भीती. यातून सरांनी पदार्थविज्ञानाने मार्ग काढला. भेगेच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या ठोकायच्या, मध्ये तार ताणायची आणि तार जराशीही ओढली गेली की घरात भोंगा वाजेल आणि भोरला फोन येईल अशी जोडणी करायची. तार सोपी होती. प्रश्न होता तारेवर नजर ठेवणाऱ्याचा. तो असा हवा की दिवसरात्र जागेल, चुलीच्या धुरात टिकेल, दोन-दोन दिवस वीज गेली तरी ढगाळ हवेतल्या एका लहान सोलर पत्र्यावर गुजराण करील. आधी त्यांनी पत्त्याच्या कॅटाएवढा एक उघडा कॉम्प्युटर बसवून पाहिला. तिसऱ्यांदा वीज गेली तेव्हा त्याच्या स्मरणशक्तीचं कार्ड पुसलं गेलं. त्याला आपण कशासाठी आहोत हेच आठवेना. “माणसाचं ठीक आहे,” सर म्हणाले, “यंत्राला असं चालत नाही.” तेव्हापासून त्यांना लॅपटॉप हवा झाला, कारण लॅपटॉपच्या पोटात स्वतःची शिदोरी असते.

मग निवड सुरू झाली. तिच्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहितो, कारण सरांचं निम्मं आयुष्य नाही तरी दोन पावसाळे तिने खाल्ले.

आमच्या गावात मुलीला स्थळ बघताना जेवढी चौकशी होत नाही तेवढी सरांनी जुन्या लॅपटॉपची केली. नवीन घ्यायचा नव्हता. नव्या वस्तूला चारित्र्य नसतं, असं त्यांचं म्हणणं. पाच-सहा वर्षं कचेरीत राबलेला पाहिजे, म्हणजे जे मरायचे ते आधीच मेलेले असतात. पुण्यात जुन्या लॅपटॉपच्या दुकानात ते मला बरोबर नेत. दुकानदार वेगाचं कौतुक सांगू लागला की सर मीटर काढत. पडदा बंद करून, काही काम न देता, नुसता बसला असताना किती खातो ते बघत. वेगवान यंत्रं बहुतेक खादाड निघत. मग ते लॅपटॉप उलटा करून त्याच्या पाठीवर तळहात ठेवत, ताप आलाय का बघतात तसा, आणि कान लावून पंख्याचा आवाज ऐकत. पंखा म्हणजे नाक, नाक आलं की धूर आत आला. तेव्हा पंखा नसलेला उत्तम, असलेला क्वचित फिरणारा. आत फिरणारी हार्ड डिस्कची तबकडीही नको. बॅटरी कायम काठोकाठ भरलेली राहिली तर फुगते, म्हणून ती साठ टक्क्यांवर अडवता आली पाहिजे. पूर्ण संपून बंद पडलाच, तर वीज आल्यावर कुणी बटण न दाबता उठला पाहिजे. शेवटी ते दुकानदाराला विचारत, “हा स्वतःहून कधी बंद पडला होता का?”

“सर, तुम्हाला गेम खेळायला पायजे का कसं?” दुकानदाराने एकदा हताश होऊन विचारलं.

“बहिणीला पाहिजे,” सर म्हणाले.

आतल्या प्रणालीची, म्हणजे लिनक्सची, निवड मात्र एका दिवसात झाली होती. सगळ्यांकडे असते ती प्रणाली मध्येच स्वतःला नवं करून घेण्यासाठी न विचारता बंद होते, हा त्यांना उद्धटपणा वाटे. लिनक्स सांगितल्याशिवाय झोपत नाही, म्हणून ते त्याला सज्जन म्हणत.

आणलेले उमेदवार स्टाफरूमच्या कपाटात महिनोन्‌महिने चालू राहत. एक उन्हाळ्यात गरम झाला म्हणून गेला. एक चांगला होता, पण सेटिंग बदलूनही झाकण लावलं की झोपे. सर म्हणाले, “आपल्या वर्गातली मुलं झाकण न लावता झोपतात, तो भाग वेगळा.” बाहेर पाऊस लागला होता. मी म्हटलं, सर, आहे त्यातला एखादा बसवून टाका, नसण्यापेक्षा बरा. ते म्हणाले, बंद पडणारा पहारेकरी नसण्यापेक्षा वाईट, त्याच्या भरवशावर माणूस झोपतो. पण मी त्या काळात एक पाहिलं. उमेदवारांवर लक्ष ठेवायचं म्हणून रविवारीही सर कॉलेजात येऊ लागले होते, आक्काकडची फेरी अधूनमधून हुकत होती. निवड करत राहणं ही थांबून राहण्याची एक सभ्य रीत आहे.

अखेर वरवे गावाजवळच्या एका कारखान्याने जुने लॅपटॉप भंगारात काढले, तिथे सरांना हवा तो मिळाला. जाड, काळा, कडा झिजलेल्या. कारखान्याच्या गोदामात फळीवर तो कित्येक वर्षं धुळीत चालू होता. कशासाठी, ते तिथल्या सुरक्षारक्षकाला माहीत नव्हतं. बंद का केला नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, “कुनाला येतच नव्हतं.” सरांनी याहून मोठं प्रशस्तिपत्र आयुष्यात वाचलं नव्हतं. मीटरवर तो रात्रीच्या लहान दिव्याएवढं खात होता. सर तो मांडीवर घेऊन एसटीने भोरला आले.

बसवायला मीही गेलो होतो. आक्काच्या घरात देवांच्या फळीशेजारी भिंतीत एक कोनाडा होता, जमिनीपासून उंच आणि कोरडा. तिथे लॅपटॉप ठेवला, तार आत घेतली, मोबाईलच्या रेंजसाठी बांबूवर अँटेना चढवली. आक्का चहा घेऊन आली आणि जरा वेळ बघत उभी राहिली.

“ह्ये डोंगराकडं बघनार व्हय? मंग त्याचं तोंड भिताडाकडं का केलंय?”

“आक्का, त्याला डोळे नाहीत. तार ओढली गेली की त्याला कळतं.”

“म्हंजी आंधळं हाय,” आक्का मला म्हणाली. “बगा मास्तर, आंधळ्याला राखन दिली ह्यानं.”

सरांनी तिला सगळं दाखवलं. भोंगा वाजला की म्हैस सोडायची आणि उजव्या हाताच्या वाटेने खाली पळायचं. ही वायर ओढायची नाही. आणि हे बटण, याला कधीही हात लावायचा नाही. आक्काने वाकून बटण नीट पाहिलं आणि मान डोलावली.

तेव्हापासून तासातासाला सरांच्या फोनवर निरोप येऊ लागला: सर्व ठीक. दुसरा नंबर म्हणून त्यांनी माझा घातला होता, त्यामुळे मलाही येई. पहिले काही दिवस मी तो वाचत असे. सर मात्र प्रत्येक वाचत. शिकवताना खिशात फोन थरथरला की खडू थांबे, ते बघत, आणि अर्धं समीकरण पुढे चालू होई. रविवारी जायचं आता कारण उरलं नव्हतं. पूर्वी आठवड्यातून एकदा कळणारी खुशाली आता दिवसातून चोवीस वेळा कळत होती.

कॉलेजने अर्थातच सत्कार केला. डोंगरावरच्या यंत्राचं उद्घाटन भोरच्या सभागृहात, शाल-श्रीफळासह. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबून ते सुरू करावं असं ठरलं. सर म्हणाले, ते सुरूच आहे, बटण दाबलं तर बंद होईल. प्राचार्यांना हा मुद्दा तांत्रिक वाटला. शेवटी पुठ्ठ्यावर दारावरच्या घंटीचं बटण चिकटवून पाहुण्यांसमोर ठेवलं. त्यांनी ते दाबलं. काहीच झालं नाही आणि टाळ्या पडल्या. सर खाली बघत बसले होते. मला वाटलं, संकोचले. ते फोनवर ‘सर्व ठीक’ वाचत होते.

मग खंडेनवमी आली. सकाळी पहिल्या तासानंतर सर स्टाफरूममध्ये आले ते फोन हातात धरून. निरोप आला नव्हता. तिकडे रेंज जाते, दोन-तीन एकदम येतात कधी कधी, असं मी म्हटलं. दुसऱ्या तासानंतरही नव्हता. आक्काकडे फोन नव्हता, शेजारच्यांचा लागत नव्हता. सर पंख्याखाली उभे होते आणि शिपायाने पंखा बंद केला तरी त्यांना कळलं नाही. मी माझी मोटारसायकल काढली. वाटेत नसरापूरला, वेल्ह्याला ठिकठिकाणी झेंडू लावलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो उभे होते. सर मागे बसून पुन्हा पुन्हा फोन बघत होते. पाऊस नव्हता. आकाश स्वच्छ होतं. पण डोंगराला पाऊसच लागतो असं नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

वस्ती जागेवर होती. डोंगर जागेवर होता. आक्का दारात भात पाखडत बसली होती.

घरात जमीन सारवलेली होती. कोयता, विळा, कुदळ, नांगराचा फाळ धुऊन भिंतीशी मांडून ठेवले होते, हळदकुंकू लावून. वर कोनाड्यात लॅपटॉप होता. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, भोवती झेंडूची माळ, पुढे गुळाचा खडा. त्याचा हिरवा दिवा विझला होता.

सर उंबऱ्यातच थबकले. आक्काच म्हणाली, “वरीसभर राबतंय. बैलाला पोळा असतो, इळ्या-कोयत्याला आजचा दिस असतो. ह्यालाच न्हाई व्हय?”

“तुला बंद करता कसं आलं?”

“ह्या बटनाला हात लावू नगं म्हनून तूच दावलं हुतंस.”

सर कोनाड्याकडे गेले तशी ती उठली आणि मध्ये उभी राहिली. आजचा दिवस नाही, हत्याराला आज हात लावायचा नसतो, उद्या शिलंगण झाल्यावर. सरांनी तिला तार समजावून सांगितली, भेग समजावून सांगितली. एवढा वेळ भेगेवर कुणाचंच लक्ष नाही, तुला काही झालं असतं तर मला कळलंही नसतं, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आक्का सूप घेऊन पुन्हा बसली. “बंद केलं म्हनून तर आलास,” ती म्हणाली.

मी चहा पिऊन निघालो. सर राहिले. वस्तीवरून वळण घेताना मागे पाहिलं तेव्हा ते तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले होते आणि दोघं डोंगराकडे बघत होती. दसरा करून ते कॉलेजात परतले, आणि बॅटरीबद्दलचं अर्धं राहिलेलं वाक्य पुढे बोलू लागले. यंत्र चालू करताना मेलं नव्हतं, एवढं मात्र त्यांनी जरा नाराजीने सांगितलं.

पुढच्या खंडेनवमीलाही निरोप थांबले. या वेळी सर घाबरले नाहीत. मला त्यांचा तास घ्यायला सांगून ते एसटीने गेले. भाऊबीज वेगळी होतीच, पण ती सगळ्यांची असते. हा एक दिवस त्या दोघांचा ठरून गेला. बाकीचं वर्ष यंत्र बघत होतं.

त्यानंतरची थंडी सरत आली होती. मधल्या सुट्टीत सर मला बॅटरीचंच काही सांगत होते. “तिचं असं आहे,” ते म्हणाले, “की ती संपत आल्याचं आपल्याला...” आणि फोन वाजला. आक्काच्या शेजारची बाई पासलीपर्यंत उतरून फोन करत होती. ताक न्यायला गेली तर आक्का चुलीजवळ पडलेली दिसली. म्हैस ओरडत होती, तिची आदल्या संध्याकाळची धारही काढलेली नव्हती.

म्हणजे आक्का आदल्या दुपारीच गेली होती. सरांनी फोन उघडून मागचे निरोप पाहिले. आदल्या दुपारचे, संध्याकाळचे, रात्रीचे, सकाळचे. एकही चुकला नव्हता. सर्व ठीक. सर्व ठीक. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला तारेबद्दल विचारलं होतं.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा माणसं जमली होती. आक्काला बाहेर ओसरीत ठेवलं होतं. बायका रडून थकल्या होत्या, पुरुष लाकडांचं बघत होते. सर तिच्या उशाशी बसले. थोड्या वेळाने त्यांच्या खिशात आणि माझ्या खिशात एकाच क्षणी थरथर झाली. माझा हात खिशाकडे गेला आणि मी तो परत घेतला. सरांनी फोन काढला, वाचला, परत ठेवला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “काय म्हनतंय?”

“काही नाही,” सर म्हणाले. “चालू आहे.”

कार्य उरकून ते कॉलेजात आले तेव्हा मी वाट पाहत होतो. बॅटरी संपत आल्याचं आपल्याला, याच्या पुढचं क्रियापद बाकी होतं. त्यांनी नमस्कार केला. बसले. ते वाक्य अजून तसंच आहे.

म्हैस शेजाऱ्यांनी नेली. घराला कुलूप लागलं. लॅपटॉप काढून आणाल का, असं मी विचारलं तर म्हणाले की भेगेखाली अजून दोन घरं आहेत. यंत्र कुणासाठी आहे ते यंत्राला सांगायची गरज नसते. तासातासाला निरोप येत राहिले. सर ते वाचतात की नाही, मला सांगता येणार नाही. खडू आता मध्ये थांबत नाही. शिपाई पंखा बंद करतो.

त्या वर्षी खंडेनवमीला ते म्हणाले, तास घ्याल का. मी दुसऱ्या कुणाला तरी तास दिला आणि त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी कुलूप काढलं, झाडून घेतलं, पाणी शिंपडलं. कोयता आणि विळा आपल्या जागी होते, ते धुऊन मांडले. मग कोनाड्यापुढे उभे राहून त्या बटणावर अंगठा ठेवला आणि हिरवा दिवा विझेपर्यंत दाबून धरला. हळदकुंकू लावलं. माळ त्यांना नीट बांधता येईना, ती मी बांधली. नंतर दिवसभर ते उंबऱ्यावर बसून डोंगराकडे बघत राहिले. शेजारी मी बसलो होतो, पण ती जागा माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिलंगणानंतर त्यांनी लॅपटॉप चालू केला. मिनिटभराने निरोप आला, सर्व ठीक.

तेव्हापासून हे दर वर्षी होतं. कॉलेजच्या अहवालात ‘अखंड कार्यरत यंत्रणा’ असा एक परिच्छेद दर वर्षी छापून येतो. त्यावर सर मुद्रितशोधनाची खूणसुद्धा करत नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर उरलेली दोन घरंही मुलांकडे पुण्याला गेली. वस्तीत आता कुणी राहत नाही.

डोंगर अजून केसभरही हललेला नाही.